मुका मार

पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि दोन्ही पावलं बघायची. एका पावलाचा अंगठा सरळ आढ्याकडे, दुसरं पाऊल बाहेरच्या अंगाला पार कलंडलेलं, करंगळी गादीला टेकलेली, आणि त्याच बाजूचा पाय बोट-दोन बोटं आखूड. असं दिसलं की खुब्यात हाड मोडलंय हे जवळजवळ नक्की. हे ओळखायला एक्स-रे लागत नाही, पायांवरचं पांघरूण बाजूला केलं की पुरतं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मोरीत घसरून पडलेल्या आजींना दोघं-तिघं काखेत हात घालून उचलतात, पलंगावर निजवतात, वर पांघरूण घालतात आणि कुणीतरी म्हणतं, "मुका मार लागलाय, उतरेल दोन दिवसांत." मग आंबेहळदीचा लेप, शेकायची पिशवी, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी. तिसऱ्या दिवशी हाडवैद्याचा पट्टा. पाचव्या-सहाव्या दिवशी आजी असंबद्ध बोलू लागतात, छातीत कफ घरघरतो, माकडहाडावरची कातडी काळी-निळी पडते. तेव्हा कुठे गाडी बोलावली जाते.

हे दिवस माया कमी पडली म्हणून गेले असं सहसा नसतं. 'अपघात' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महामार्ग येतो, चेपलेली गाडी येते, रक्त येतं. मोरीतल्या ओल्या फरशीवर आवाजही न होता पडलेली बाई त्या चित्रात बसत नाही. आणि हे चित्र फक्त घरच्यांच्या डोक्यात नाही, सरकारच्याही डोक्यात तेच आहे. आपली ट्रॉमा केअर केंद्रं, म्हणजे गंभीर दुखापतींवर उपचार करणारी केंद्रं, प्रामुख्याने महामार्गांच्या कडेने आखली गेली. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली: माणशी दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून ७ दिवस. योजना चांगलीच आहे. पण रस्ता ओलांडताना दुचाकीने उडवलेल्या आजोबांना ती लागू होते आणि त्याच दिवशी, त्याच वाड्यात, त्याच जागचं हाड मोडून घेतलेल्या आजींना होत नाही, कारण त्या उंबऱ्याला अडखळल्या.

खरं तर उतारवयातल्या गंभीर दुखापतीचं मुख्य कारण महामार्ग नाहीच. ब्रिटनच्या ट्रॉमा नोंदवहीने २०१७ मध्ये वृद्धांच्या गंभीर दुखापतींवर अहवाल काढला, त्यात सर्वांत मोठं कारण निघालं ते दोन मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडणं. म्हणजे उभ्या उभ्या, पलंगावरून, एखाद-दोन पायऱ्यांवरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पडण्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं मरतात आणि त्यात साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. महाराष्ट्रात साठीपुढची माणसं २०११ च्या जनगणनेतच एक कोटीच्या वर गेली होती.

म्हणून मागणी साधी आहे. साठीपुढचा माणूस उभ्या उंचीवरून पडला आणि त्याला पायावर भार देता येत नाही, किंवा डोक्याला लागलंय, किंवा श्वास घेताना छातीत कळ येते, तर तो ट्रॉमाचा रुग्ण. १०८ च्या फोनपासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत त्याला तसंच वागवलं पाहिजे. खुब्याच्या फ्रॅक्चरला ४८ तासांचं घड्याळ लावलं पाहिजे, आणि ते घड्याळ सरकारी योजनेतून रुग्णालयाला मिळणाऱ्या पैशाशी बांधलं पाहिजे.

आधी आकड्यांचा घोळ. अपघात विभागात दुखापतीची तीव्रता दोन गोष्टींवरून जोखायची सवय आहे: मार किती जोराचा होता आणि नाडी-रक्तदाब किती आहे. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत दोन्ही फसवतात. मार जोराचा नव्हताच, कारण हाडच ठिसूळ होतं. आणि रक्तदाब? ज्या आजोबांचा दाब एरवी १६० असतो त्यांचा ११० वर आला, तर कागदावर तो 'नॉर्मल' दिसतो. प्रत्यक्षात त्यांच्या मूत्रपिंडाला आणि मेंदूला रक्त पुरत नसतं. नाडी वाढायला हवी, पण ते मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी नाडी मंदावणारी गोळी घेत असतात, त्यामुळे आत लिटरभर रक्त गेलं तरी नाडी ७८ च्या पुढे सरकत नाही. अमेरिकेतल्या रुग्णवाहिकांसाठीच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याची सोय आहे: प्रौढांसाठी धोक्याची रेषा वरचा दाब ९० च्या खाली, पण ६५ पुढच्यांसाठी ११० च्या खाली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडलेल्या वृद्धाचाही त्यात वेगळा उल्लेख आहे. आपली १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. त्या गाडीतल्या तक्त्यावर ११० ची ही एक ओळ छापायला कागदापलीकडे खर्च नाही.

डोक्याचं प्रकरण जास्त कपटी आहे. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो. कवटी आणि मेंदू यांच्यातली फट रुंदावते, आणि ती ओलांडून जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. छोट्या हिसक्यानेही त्यातली एखादी तुटते. तरुणाच्या डोक्यात एवढं रक्त साचलं तर तासाभरात शुद्ध हरपेल. इथे मात्र रक्ताला पसरायला जागा असते, म्हणून पहिले काही तास, कधी दिवसभर, माणूस व्यवस्थित बोलतो, चहा मागतो. "बोलतायत की छान" हे वाक्य म्हणूनच फार महागात पडतं. ॲसिट्रॉम, वॉरफरिन, ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान, क्लोपिडोग्रेल यांतली रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर शुद्ध पूर्ण असली तरी सीटी स्कॅन त्याच दिवशी, शक्यतो पहिल्या काही तासांतच. ६५ च्या पुढे क्षणभर शुद्ध गेली असेल किंवा पडलो कसे हे आठवत नसेल, तर गोळ्या नसल्या तरी. पहिला स्कॅन चांगला आला म्हणून फाइल बंद करायची नाही. दोन-तीन आठवड्यांनी पाय ओढत चालणं, दिवसा पेंगणं, कपड्यांत लघवी होणं असं काही सुरू झालं, तर ते 'वय' नसून कवटीखाली हळूहळू साचलेलं जुनं रक्त असू शकतं. कवटीला दोन भोकं पाडून ते काढता येतं, आणि बरेच जण त्यानंतर पुन्हा नीट चालू लागतात. दुचाकीवर मागे एका बाजूला बसलेल्या, स्पीडब्रेकरवर उडून पाठीवर पडलेल्या काकू-मावश्यांची दुखापतही याच जातीची असू शकते.

मानेचंही एक सांगून ठेवायला हवं. कपाळावर पडलेल्या वृद्धाची मान दुखत असेल तर ती 'जुनी स्पॉन्डिलायटिसची' समजू नये. मानेतल्या वरून दुसऱ्या मणक्याचं फ्रॅक्चर या वयात निव्वळ अशा पडण्याने होतं, आणि साध्या एक्स-रेत ते निसटतं. पाठीला बाक असेल तर स्ट्रेचरवर डोकं जबरदस्तीने सपाट टेकवायचं नाही. बाक जितका, तितकी घडी केलेली चादर डोक्याखाली द्यायची. कडक फळीवर तासन्‌तास ठेवायचं नाही. तिथेच पहिला दाबव्रण तयार होतो.

बरगड्यांकडे तर कुणी बघतच नाही. "बरगडीला प्लास्टर थोडंच घालतात?" हे खरं आहे, पण मोडक्या बरगडीने माणूस दगावतो तो हाडामुळे नाही, खोकता न आल्यामुळे. कळ येते म्हणून श्वास उथळ, उथळ श्वासामुळे कफ तळाशी, तळाच्या कफात न्यूमोनिया. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६५ पुढच्या रुग्णांमध्ये दर वाढीव मोडक्या बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणून तीन किंवा अधिक बरगड्या मोडलेल्या सत्तरीच्या माणसाला गोळ्या देऊन घरी पाठवणं चूक. छातीला आवळून पट्टा बांधणं त्याहून मोठी चूक, कारण जो श्वास मोकळा करायचा तोच पट्टा कोंडतो. दुखणं मोडायचं आणि फुप्फुसं फुगवायची, उपचार एवढाच. तीन रंगीत गोळ्यांचं ते प्लास्टिकचं उपकरण जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या उशाशी असतं, आणि निम्मे जण त्यात फुंकत बसलेले दिसतात. ते फुंकायचं नसतं. नळी ओठांत धरून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर जातात, दोन-तीन सेकंद धरायच्या. जागेपणी दर तासाला दहा वेळा. हे नीट दाखवायला एक मिनिट लागतं, आणि वॉर्डात ते मिनिट कुणाकडे नसतं.

दुखणं मोडायचं म्हणजे डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टोचायचं नव्हे. गावातल्या दवाखान्यापासून मोठ्या कॅज्युअल्टीपर्यंत पहिला हात तिकडेच जातो. आधीच चार तास फरशीवर पडून सुकलेला देह, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, सोबत लघवीची गोळी, आणि वर डायक्लोफेनॅक, एवढ्या भांडवलावर दोन दिवसांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, दुप्पट होतं. मग 'किडनी खराब आहे' म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं. पॅरासिटामॉल सहा तासांनी, पन्नास किलोपेक्षा जास्त वजन असेल तर १ ग्रॅम, कमी असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम, हा पाया. खुब्याच्या फ्रॅक्चरला जांघेजवळच्या पडद्याखाली भूल, म्हणजे फॅशिया इलियाका ब्लॉक. ०.२५ टक्के बुपिव्हॅकेन साधारण ३० मिलिलिटर, वजन ४० किलोच्या खाली असेल तर त्याहून कमी. सोनोग्राफीवर बघत दिला तर दहा मिनिटांचं काम. तो दिल्यावर तीच बाई कूस बदलू देते, बेडपॅन घेऊ देते, झोपते. भूलतज्ज्ञ रुग्णालयात असतो, सुई असते, औषध असतं. पण बोलावणं जातं ऑपरेशनच्या वेळी, दुखण्याच्या वेळी नाही.

आता खुब्याचं. हाड साधारण दोन जागी मोडतं. मांडीच्या हाडाच्या मानेत, म्हणजे वरच्या टोकाच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागात मोडलं, तर त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. जागा सुटलेली असेल तर या वयात ते जुळून येण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो, गोळा बदलावा लागतो. मानेच्या खाली, उंचवट्यांच्या मधून मोडलं तर रॉड किंवा प्लेट-स्क्रू घालून ते धरून ठेवतात. या दुसऱ्या प्रकारात मांडीच्या आत लिटरभरापर्यंत रक्त साचू शकतं, बाहेर थेंबही दिसत नाही. पहिल्या दिवशी हिमोग्लोबिन ११, तिसऱ्या दिवशी ८, आणि नातेवाईक विचारतात की रक्त गेलं कुठे. अजून एक फसवणूक: हाड मोडून एकमेकांत रुतून बसलं असेल तर पाय आखूड होत नाही, माणूस लंगडत चालतोसुद्धा, एक्स-रे 'क्लिअर' येतो. पडल्यापासून जांघेत दुखतंय आणि पाय टेकवत नाही, तर एक्स-रेवर थांबू नये, एमआरआय किंवा सीटी करावा. नाहीतर आठवडाभराने तेच हाड सरकतं आणि छोट्या ऑपरेशनचं मोठं होतं.

खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात दर चार-पाच रुग्णांमागे एक दगावतो, हा जगभरचा ढोबळ अनुभव. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र 'न्यूमोनिया' येतं, 'हृदयक्रिया बंद पडून' येतं, 'वृद्धापकाळ' येतं. फ्रॅक्चर येत नाही. मोजलंच जात नाही ते कमी कसं होणार?

उशीर कशाने होतो ते बारकाईने पाहिलं पाहिजे, कारण 'सरकारी अनास्था' म्हणून हात झटकणं सोपं आहे. पहिला उशीर घरातला, तो वर सांगितला. दुसरा फिटनेसचा. सर्जन तयार, टेबल तयार, पण फिजिशियनची सही नाही. फिजिशियनला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी हवी, इको करणारे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. इको झाला तर 'माइल्ड' असं काहीतरी निघतं, मग कार्डिऑलॉजिस्टचं मत. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगून टाकलं होतं की थांबण्याजोगी कारणं मोजकी आहेत: हिमोग्लोबिन ८ च्या खाली, सोडियम १२० च्या खाली किंवा १५० च्या वर, पोटॅशियम २.८ च्या खाली किंवा ६ च्या वर, आटोक्याबाहेरची साखर, ताजं हार्ट फेल्युअर, १२० च्या वर धावणारी आणि आवरता येण्याजोगी अनियमित नाडी, रक्तात पसरलेला छातीचा जंतुसंसर्ग, आणि रक्त न गोठण्याचा दुरुस्त होणारा दोष. यातलंही बहुतेक चोवीस तासांत रुळावर आणता येतं. जुना, स्थिर हृदयविकार या यादीत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावून झडपेची घरघर ऐकू आली तर इको जरूर करावा, पण त्याच्यासाठी ऑपरेशन अडवून ठेवू नये. भूल देणाऱ्याने धोका धरून चालावं, तेवढं त्याला येतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. 'इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिन) बंद करून सात दिवसांनी या' हे खुब्याच्या फ्रॅक्चरला लागू नाही. ॲस्पिरिनसाठी थांबायचं नसतं, क्लोपिडोग्रेलसाठीही सहसा नाही, फार तर मणक्यातली भूल टाळून पूर्ण भूल द्यावी. वॉरफरिन-ॲसिट्रॉम असेल तर शिरेतून व्हिटॅमिन के ५ मिलिग्रॅम द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो आकडा, बघायचा. १.५ च्या आसपास आला की पुढे जायचं. ॲपिक्साबान-रिव्हारोक्साबानसारख्या नव्या गोळ्यांसाठी शेवटच्या डोसपासून साधारण २४ ते ४८ तास, मूत्रपिंड कसं आहे त्याप्रमाणे. म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली हे रुग्णवाहिकेतच विचारून लिहून ठेवायला हवं. दुसऱ्या दिवशी ते कुणालाच आठवत नाही.

तिसरा उशीर यादीचा. रात्री बारापासून उपाशी ठेवलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईला दुपारी तीनला कळतं की आज नंबर नाही. संध्याकाळी थोडी पेज, रात्री बारापासून पुन्हा उपास. असे दोन दिवस गेले की जीभ चामड्यासारखी, लघवी गडद, आणि माणूस भ्रमात. घन अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं, हा नियम प्रत्येक भूलतज्ज्ञाला पाठ आहे. वॉर्डातल्या पाटीवर मात्र अजून 'रात्री १२ नंतर काही नाही' असंच लिहिलेलं असतं. आणि या वाट बघण्याच्या काळात पायाला वजन टांगलेलं असतं, कुठे पिशवीतली वाळू, कुठे चक्क विटा. ऑपरेशनआधीच्या या ओढीचा खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये दुखणं कमी व्हायलासुद्धा उपयोग दिसत नाही, असं जुन्या-नव्या चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो. तिने एक होतं, काहीतरी उपचार चालू आहे असं नातेवाइकांना वाटतं. गुडघ्याखाली उशी ठेवून पाय सुखावेल तसा ठेवणं आणि तो ब्लॉक देणं, याने जास्त आराम पडतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जिल्हा रुग्णालयात ऑर्थोपेडिकचं एकच टेबल. त्यावर पंचविशीतला बाइकवाला आधी घ्यायचा की ऐंशीच्या आजी? उघड्या जखमेतून हाड बाहेर आलेला तरुण आधी घ्यायचाच. इथे मध्यरात्री धावाधाव करा असं कुणी म्हणत नाही. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, १७ देशांतल्या २,९७० रुग्णांच्या चाचणीत भारतातली रुग्णालयंही होती. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत, दुसऱ्याचं साधारण २४ तासांत. ९० दिवसांतल्या मृत्यूंत फरक पडला नाही, ९ टक्के आणि १० टक्के. लवकर झालेल्यांत भ्रम कमी झाला, माणसं लवकर उभी राहिली, एवढंच. म्हणजे रात्रीचं टेबल मागायची गरज नाही. उद्या सकाळच्या यादीतलं पहिलं नाव मागायचं आहे. आणि खाटांचा हिशेबच करायचा तर दहा दिवस नुसतं वजन टांगून पडलेला रुग्णही दहा दिवस खाट अडवतोच, पुढे दाबव्रण झाला की अजून महिना.

दुसरा आक्षेप घरचा: "या वयात ऑपरेशन कशाला? झेपणार नाही." ऑपरेशनची तुलना 'काहीच नाही' याच्याशी होत नाही, ती होते तीन महिने अंथरुणाला खिळण्याशी. खरा धोका त्या अंथरुणाचा आहे. वय विचारू नका, पडण्याच्या दोन आठवडे आधी त्या कशा होत्या ते विचारा. देवळापर्यंत चालत जात होत्या? स्वतःची भाजी निवडत होत्या? अशक्तपणा मोजायची १ ते ९ ची सोपी श्रेणी आहे, वयाच्या आकड्यापेक्षा ती जास्त सांगते. श्रेणीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या, आधीपासून अंथरुणावर आणि कुणालाच न ओळखणाऱ्या माणसासाठी ऑपरेशन न करता नीट दुखणं शमवत राहणं हा मानाचा पर्याय आहे. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांवर झालेल्या अभ्यासात घरच्यांशी बोलून घेतलेल्या त्या निर्णयाने शेवटचे दिवस वाईट गेले नाहीत असं दिसलं. पण तो बोलून, समजून घेतलेला निर्णय असावा. 'मुलगा न्यू जर्सीहून शनिवारी येतोय, तोवर थांबू' हा निर्णय नव्हे. शुद्धीत असलेल्या माणसाची संमती त्याची स्वतःचीच असते, मुलाची सही कायद्याला लागत नाही. आजींना विचारायचं बहुतेक कुणाला सुचतच नाही.

पैशाला घड्याळ बांधायचं म्हणजे काय, ते ब्रिटनने दाखवलं. २००७ मध्ये त्यांनी खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, २०१० पासून रुग्णालयाला जादा रक्कम देऊ केली, पण अटींवर: ३६ तासांत ऑपरेशन, हाडाच्या सर्जनबरोबर वृद्धांच्या डॉक्टरचं संयुक्त लक्ष, पडण्याची आणि हाडाच्या ठिसूळपणाची तपासणी. एक अट चुकली तर जादा रक्कम नाही. तिथले ३० दिवसांतले मृत्यू त्यानंतरच्या वर्षांत कमी होत गेले. आपल्याकडे याला लागणारा सांगाडा आयता आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दोन्हींत पैसा पॅकेजप्रमाणे मिळतो, आणि पॅकेज म्हणजे रॉड किंवा गोळा. तो दुसऱ्या दिवशी बसवला की बाराव्या, दर तोच. दाखल झाल्याची आणि ऑपरेशनची वेळ दाव्याच्या कागदांवर असतेच. ४८ तासांच्या आत झालं तर थोडा जास्त दर, आणि प्रत्येक रुग्णालयाचा सरासरी वेळ संकेतस्थळावर उघड, एवढं करायला नवं खातं लागत नाही. (कार्ड मात्र धडधाकट असताना काढून ठेवावं. भाकऱ्या थापून, भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, हे कळायला फ्रॅक्चरचा दिवस फार वाईट.)

जादा दराच्या अटीत हाडाचं औषध घातलंच पाहिजे. सध्या आपण मोडलेल्या जागी स्टील बसवतो आणि उरलेला ठिसूळ सांगाडा तसाच घरी पाठवतो. डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियमची गोळी असते, बस. हवं ते हाड बळकट करणारं झोलेड्रॉनिक ॲसिड: ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा, सलाइनमधून किमान १५ मिनिटं. २००७ च्या मोठ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत हे दिलेल्यांत नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. आधी ड जीवनसत्त्व भरून काढायचं, क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, ३५ च्या वर आहे ना ते बघायचं, दात काढायचे असतील तर आधी काढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी ताप-अंगदुखी येते, ते आधी सांगून ठेवायचं, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी परत येत नाही.

ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी उभं करायचं, पूर्ण भार देऊन. "टाके सुकेपर्यंत पडून राहा" हे प्रेमाने दिलेलं विष आहे. रात्री रुग्ण ओरडू लागला, नळ्या ओढू लागला, तर हात बांधू नयेत. आधी लघवी तुंबलीय का, शौचाला किती दिवस झालंय, दुखतंय का, ऑक्सिजन किती, ते बघावं. चष्मा, कानातलं मशीन आणि कवळी घरच्या कपाटात ठेवून आलेला माणूस अंधारात अनोळखी जागी बहिरा होऊन पडलेला असतो, तो घाबरणारच. गप्प गप्प, पेंगुळलेला रुग्ण जास्त धोक्यात, कारण त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

घरात काय करायचं ते थोडक्यात. पडलेल्याला लगेच ओढून उठवायचं नाही. आधी डोकं, मान, मग 'हा पाय उचल, तो उचल'. उचलत नसेल तर दोन पायांमध्ये उशी, चादरीने पाय एकमेकांना बांधायचे, आणि १०८. लिफ्ट नसलेल्या चाळीच्या जिन्यावरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवू नका, मोडलेला खुबा तिथे वाकतो. गाडीतलं मधून उघडणारं स्ट्रेचर मागा. फरशीवर तासाहून जास्त वेळ पडून राहिले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, स्नायू विरघळून मूत्रपिंडावर येतं. आणि मोरीचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घ्या, कडी बाहेरून काढता येईल अशी. आत पडलेल्या माणसाचं अंगच आत उघडणाऱ्या दाराला अडसर होतं, आणि दार फोडताना ते त्याच्याच अंगावर पडतं.

राहिली नोंद. अपघात विभागाच्या छापील केसपेपरवर दुखापतीच्या कारणासाठी रकाना असतो: रस्ता अपघात, मारामारी, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, इतर. मोरीत पडलेल्या आजी 'इतर'मध्ये जातात. तिथे एक नवी ओळ हवी, 'उभ्या उंचीवरून पडणे, वय ६० पुढे', आणि तिच्यापुढे तीन मोकळ्या चौकटी: पडण्याची वेळ, रक्त पातळ करणारी शेवटची गोळी, ऑपरेशनची वेळ.